काटेरी रक्तपेशींचा आजार आणि नात्यातली लग्ने



तिशीच्या आसपासचा, कालपर्यंत औत हाकणारा माणूस. हळूहळू त्याचे हातपाय आपोआप उडू लागतात, चालताना गुडघा दुमडतो, मान एकाएकी खाली पडते. घास तोंडात घातला की जीभच तो बाहेर ढकलते. ओठ व जीभ स्वतःच्याच दातांखाली सापडून रक्तबंबाळ होतात. कित्येकांना फिटही येते. गाव म्हणते, "पितो", नाहीतर "बाहेरचे लागले आहे". मग उतारे होतात, नाहीतर "फादर, भूत काढा" म्हणून आमच्याकडे आणतात. प्रार्थना आम्ही जरूर करू, पण आधी न्यूरोलॉजिस्टकडे न्या. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या रुग्णालयात अशा आजारांचे जाणकार आहेत.

या आजाराला कोरिया-अकँथोसायटोसिस म्हणतात. नाव अवघड, पण अर्थ सोपा आहे. कोरिया म्हणजे नाचल्यासारख्या अनावर हालचाली, आणि अकँथा म्हणजे ग्रीक भाषेत काटा. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर काही तांबड्या पेशी गोल न दिसता धोत्र्याच्या बोंडासारख्या काटेरी दिसतात. १९६० च्या दशकात लेव्हिन आणि क्रिचली या डॉक्टरांनी अमेरिकेतील कुटुंबांत हा आजार पाहून नोंदवला. २००१ मध्ये त्याचे जनुक सापडले. पेशीच्या आत स्निग्ध पदार्थ पोचवणारे एक प्रथिन त्या जनुकातल्या दोषामुळे तयार होत नाही. काटे हे हालचालींचे कारण नव्हेत. मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींना वळण देणाऱ्या पेशी मरतात, हे खरे कारण. पहिल्या तपासणीत काटे सापडतीलच असे नाही. म्हणून डॉक्टर रक्तातले सीके हे स्नायूंचे द्रव्यही मोजतात. ते बहुधा वाढलेले असते. पक्के निदान जनुकाच्या तपासणीने होते.

आजार फार विरळ आहे, जगात सुमारे १००० रुग्ण असावेत असा अंदाज आहे. मग या पानावर त्याला जागा का? तो घरात कसा येतो, ते शेतकऱ्याला चटकन कळेल म्हणून. शेळ्यांच्या कळपात वर्षानुवर्षे एकच बोकड ठेवला तर काय होते, हे तुम्हीच आम्हांला शिकवले आहे. त्याच्याच पाटींवर तोच बोकड चढतो आणि लपलेले दोष करडांत उघडे पडतात. इथेही तसेच. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आले तरच आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस सहसा ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. मामाची मुलगी केली म्हणजे दोघांचे आजोबा-आजी एकच, आणि तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. चर्चच्या कायद्याप्रमाणे सख्ख्या मामे-आते-चुलत-मावस भावंडांचे लग्न बिशपांच्या परवानगीवाचून वैधच होत नाही. लग्नाच्या नोंदीच्या वेळी आम्ही नाते खोदून विचारतो तेव्हा काहींना राग येतो. घरात असा रुग्ण असेल तर अर्जाआधी जनुकांच्या जाणकार डॉक्टरांना भेटा. भावाबहिणींना लपवून ठेवण्याने काही साधत नाही.

याच जातीचा मॅक्लिऑड नावाचा दुसरा आजार आईकडून मुलग्यांना येतो. त्यात हृदयही बिघडू शकते, आणि रक्त चढवताना रक्तगटाची विशेष काळजी लागते, म्हणून रक्तपेढीला आधी सांगावे.

मूळ आजार बरा करणारे औषध अजून नाही. फिट व हालचाली कमी करणाऱ्या गोळ्या आहेत; त्या स्वतःच्या मनाने बदलू नयेत. अन्न मऊ, घास लहान असावा, आणि गिळणे होईपर्यंत शेजारी कोणीतरी बसावे. दात जीभ तोडत असतील तर दंतवैद्य दातांवर बसणारे आवरण करून देतात.

घास बाहेर पडेल या लाजेने कोणी कम्युनियनला यायचे टाळत असेल, तर घरच्यांनी आम्हांला मिस्सेपूर्वी सांगावे. चर्च कायद्याच्या ९२५ व्या कलमाप्रमाणे गरज असेल तेव्हा नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते. आम्ही चमचा घेऊन बाकापाशी येऊ.