रात्रभर यंत्र चालतं, सकाळी कोण पाहतं?

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. मूळ बेळगावच्या, आता आमच्याकडे बेंगळुरूत व्हाइटफील्डला असतात. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. रुग्णालय जयनगरच्या बाजूला, ट्रॅफिकमध्ये एका फेरीत दिवस जातो. म्हणून घरीच पोटाचं डायलिसिस करायचं ठरतंय. रात्री लावायचं यंत्र रुग्णालयाला आपोआप सगळं कळवतं, असं सांगितलं. म्हणजे नेमकं काय? मध्यंतरी बेंगळुरूतच बनलेल्या डायलिसिस यंत्राची बातमी वाचली, तेच का हे? आणि आम्ही निर्धास्त झोपावं का?

उत्तर : बातमीतलं यंत्र वेगळं. बेंगळुरूच्या ‘रेनालिक्स’ कंपनीने 2025 मध्ये आणलेलं ते यंत्र रक्ताच्या डायलिसिसचं आहे. त्यावरच्या रुग्णाची स्थिती डॉक्टरांना दुसऱ्या गावातून पाहता येते, त्यामुळे लहान गावातल्या केंद्रांना त्याचा मोठा उपयोग आहे. सासूबाईंचं यंत्र म्हणजे सायकलर. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून ते द्रावण आत सोडतं, काही वेळ ठेवतं, मग बाहेर काढतं. आठ-नऊ तासांत असे चार-पाच फेरे होतात. दिवसा माणूस मोकळा.

ज्या सायकलरला मोडेम असतो, तो उपचार संपला की रात्रीचा हिशेब पाठवतो: किती द्रावण गेलं, किती आलं, शरीरातलं जादा पाणी किती निघालं, निचऱ्याला किती वेळ लागला, अलार्म किती वाजले, उपचार मध्येच तोडला का. वजन आणि रक्तदाब तुम्ही भरायचे. सकाळी नर्सच्या पडद्यावर गडबड असलेली नावं वेगळ्या रंगात दिसतात. डॉक्टर फेऱ्यांची संख्या किंवा वेळ तिथूनच बदलू शकतात. तो बदल पुढच्या रात्री तुमच्या यंत्रावर येतो.

याचा खरा फायदा कुठे होतो, ते सांगते. समजा, तीन रात्री निचरा रेंगाळतोय. घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण यंत्र शेवटी काम पुरं करतंच. आकड्यांत मात्र ते लगेच दिसतं. पुष्कळदा कारण अगदी घरगुती निघतं, बद्धकोष्ठता! भरलेलं आतडं नळीवर दाबतं आणि पाणी अडतं. एका फोनवर औषध सुरू होतं आणि व्हाइटफील्ड-जयनगर फेरी वाचते. तसं नसेल तर नळी मुडपली किंवा सरकली का, हे पाहायला बोलावतात. पूर्वी हे पुढच्या महिन्याच्या तपासणीत कळायचं. तोवर पायांवर सूज आणि जिन्यात धाप. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीही ही सोय घ्यावी.

आता यंत्राला जे दिसत नाही, ते नीट वाचा. निघालेलं पाणी गढूळ आहे का, हे त्याला कळत नाही. गढूळ पाणी म्हणजे पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका, आणि या उपचारातला तोच मोठा धोका. बरेच जण निचऱ्याची नळी थेट संडासात सोडतात, मग पाणी पाहायचंच राहतं. रोज सकाळी थोडं पाणी पारदर्शक पिशवीत घ्या, मागे छापील कागद धरा. अक्षरं वाचता आली तर ठीक. अंधुक दिसली, पोट दुखलं किंवा ताप आला, तर पडद्यावर कुणी पाहील याची वाट न बघता त्याच क्षणी फोन करा आणि ती पिशवी फेकू नका. नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू दिसला, तर फोटो पाठवा.

निर्धास्त झोपण्याचं म्हणाल तर, हिशेब सकाळी जातो. मध्यरात्री पलीकडे कुणी डोळे लावून बसलेलं नसतं. रात्रीचा अलार्म तुमच्यासाठीच वाजतो.

म्हणून रुग्णालयाला यंत्राच्या किमतीआधी हे विचारा: आकडे रोज कोण पाहतं? रविवारी आणि दसऱ्याच्या सुट्टीत कोण? रात्रीचा नंबर कोणता? हैदराबादच्या डॉ. के. एस. नायक यांच्या गटाने साध्या एसएमएस, इंटरनेट आणि घरी जाणाऱ्या समन्वयकांच्या जोरावर खेड्यातले रुग्ण सांभाळले. त्यांचा लेख 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांचे खेड्यातले रुग्ण शहरातल्यांच्या मागे पडले नव्हते. तिथे आलेला निरोप वाचून घरी जाणारं माणूस होतं. सायकलर परवडला नाही, तर हाताने द्रावणाच्या बॅगा बदलणाऱ्यांनाही वही, फोन आणि असं माणूस यांवर हे जमतं.

आणखी एक. प्रशिक्षणाला सासूबाईंनाच पुढे बसवा. प्रशिक्षण कानडीत असेल, तर त्या बेळगावच्या आहेत, कानडी कळत असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक पायरी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. हाताने बॅग बदलणंही त्याच वेळी शिकून घ्या आणि त्या बॅगा घरात ठेवा. वीज गेली की लागतील.