पोटातील सखल जागा

पोट म्हणजे आतड्यांनी भरलेली एक पिशवी, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः पोटाची आतली भिंत आणि बहुतेक अवयव एका पातळ, गुळगुळीत पडद्याने मढवलेले असतात. त्यास उदरावरण म्हणतात. त्याच्या थरांत जेमतेम ओलावा असतो. त्यामुळे आतडी न घासता हलतात.

हा पडदा एका अवयवावरून दुसऱ्यावर वळतो तेथे खोलगट जागा राहतात. शेतातले पाणी जसे उताराने सखल वाफ्यात साचते, तसे पोटात सांडलेले रक्त किंवा पू या जागांत साचते. त्यांपैकी तीन ध्यानात ठेवाव्यात.

१) यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधील जागा. हिला मॉरिसन या इंग्रज सर्जनचे नाव आहे. रोगी उताणा असता वरच्या पोटातील ही सर्वांत खोल जागा होय.

२) स्त्रियांच्या ओटीपोटात गर्भाशय व गुदाशय यांच्यामधील जागा. जेम्स डग्लस यांनी १७३० साली हिचे वर्णन केले. अपेंडिक्स फुटल्यास पू, आणि गर्भ नलिकेतच वाढून ती फुटल्यास रक्त येथे उतरते. पुरुषांत अशी जागा मूत्राशयामागे असते.

३) श्वासपटलाखालील जागा. येथे रक्त किंवा पू पोहोचला की खांदा दुखतो. कारण श्वासपटलाची व खांद्याची संवेदना मानेतील त्याच मज्जांतून जाते.

बैलाचे शिंग डाव्या बरगड्यांखाली लागले आणि वर जखम दिसली नाही, तरी आत प्लीहा फाटलेली असू शकते. डावा खांदा दुखणे, चेहरा पांढरा पडणे, घाम सुटणे, भोवळ येणे ही धोक्याची चिन्हे होत. कधी रक्तस्राव काही दिवसांनीही सुरू होतो.

अपेंडिक्स फुटल्यावर कळ थोडा वेळ कमी होते. घरच्यांना वाटते, उतार पडला. पण पू आत पसरत असतो. पुढे ताप चढतो व पोट फळीसारखे कडक होते.

म्हणून अशा वेळी एरंडेल देऊ नये, पोट चोळू नये, शेकू नये, खाण्यापिण्यास काही देऊ नये. रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे. तेथे सोनोग्राफीने या जागांत साचलेले रक्त काही मिनिटांत दिसू शकते. कळ थांबली म्हणून गाडी परत फिरवू नये.