डोंगरातील हाक

समुद्रात संकटात सापडलेल्या जहाजाची हाक ऐकली, की जवळचे जहाज आपली वाट सोडून तिकडे वळते. डोंगरातही असाच धर्म पाळला जातो. कड्यावर अडकलेल्या माणसाला त्याचा देश कोणी विचारीत नाही. आधी दोर देतात.

परंतु मदत मिळण्यासाठी हाक समजली पाहिजे. युरोपातील आल्प्स पर्वतात नाना देशांचे लोक चढाईस येत. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. ही अडचण ओळखून क्लिंटन डेन्ट या इंग्रज गिर्यारोहकाने १८९४ मध्ये एक खूण सुचविली. संकटात सापडलेल्याने दर दहा सेकंदांनी एकदा, याप्रमाणे मिनिटात सहा वेळा शीळ वाजवावी, हाक मारावी किंवा दिवा दाखवावा. मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा उत्तर द्यावे. या खुणेत शब्दच नाहीत. म्हणून ती सर्वांस कळते.

१९४८ मध्ये पर्वतातील बचावकार्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अनेक देशांचे बचावपटू आणि डॉक्टर तिच्या सभांत एकत्र येतात. आपल्याकडे अपघात कसा घडला, हे ते एकमेकांस मोकळेपणाने सांगतात. एकास लागलेली ठेच दुसऱ्यास शहाणपण देते!

आपल्या देशानेही हे ज्ञान असेच मिळविले. १९५४ मध्ये दार्जिलिंग येथे गिर्यारोहणाची संस्था निघाली. त्याच वर्षी तेनसिंग व त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडला गेले आणि तेथील निष्णात वाटाडे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्यापाशी शिकले. वर्षभरापूर्वी एव्हरेस्ट सर करणारा वीर पुन्हा विद्यार्थी झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भीषण भूकंप झाला. एव्हरेस्टच्या तळावर बर्फाचा लोंढा कोसळला. खाली येण्याची वाट मोडली आणि शंभराहून अधिक गिर्यारोहक वर अडकले. भारतीय सेनेचे पथक तेथे चढाईसाठी आले होते. त्याने शिखर विसरून जखमींची शुश्रूषा केली. अडकलेल्यांना हेलिकॉप्टरांनी खाली आणले. त्या वर्षीच्या मोहिमा थांबल्या. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, पोलीस शिपाई रफिक शेख यांचे स्वप्नही तेव्हा अपुरे राहिले. परंतु त्यांनी धीर सोडला नाही. २०१६ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट गाठले.

सह्याद्रीतही हा धर्म जागा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. तेथे मोटारीची वाट नव्हती. सरकारी पथकांबरोबर गिर्यारोहकही भर पावसात डोंगर चढून गेले. अवजड यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा कुदळफावड्यांनी माती उपसावी लागली.

मुलांनो, तुम्ही देवगिरीवर किंवा गौताळ्याच्या डोंगरात सहलीस जाल, तेव्हा सोबत्यांस सोडू नका. कोठे जातो ते घरी सांगा. एक शिटी जवळ ठेवा. पण गंमत म्हणून सहा वेळा कधीही वाजवू नका. ती ऐकून कोणीतरी आपला जीव धोक्यात घालून धावत येईल. खोटी हाक खऱ्या हाकेचा विश्वास घालविते.

स्वाध्याय
१. डेन्ट यांनी सुचविलेली खूण सर्वांस का समजते?
२. ‘वीर पुन्हा विद्यार्थी झाला’ असे लेखक का म्हणतो?
३. वाक्यात उपयोग करा : धीर सोडणे, शुश्रूषा करणे.