ज्युनिअर केजीची फी नेमकी किती?

पुण्यात दिवाळीच्या आसपास शाळांच्या दारांवर ‘प्रवेश सुरू’चे फलक लागतात आणि तीन-चार वर्षांच्या मुलांचे आईबाप शनिवारी सकाळी शाळा बघत हिंडू लागतात. प्रत्येक शाळेत चकचकीत पत्रक मिळतं आणि तोंडी एक आकडा. घरी येऊन ते आकडे शेजारी शेजारी मांडले जातात आणि कुठली शाळा परवडेल ते ठरतं. अडचण अशी की तो आकडा बहुतेक वेळा निव्वळ ट्युशन फीचा असतो.

दोन शाळा घ्या. आकडे उदाहरणासाठी, पण मध्यमवर्गीय वस्तीतल्या पालकांना ओळखीचे वाटतील असे. पहिली शाळा वर्षाला 72 हजार सांगते, दुसरी 95 हजार. पहिलीत अ‍ॅक्टिव्हिटी फी 8 हजार, ‘डिजिटल क्लासरूम’चे 5 हजार, वह्या-पुस्तकांचा संच साडेसात हजार, गणवेश, पीटीचा ड्रेस, बूट मिळून साडेसहा हजार, सहल आणि गॅदरिंगचे 4 हजार आणि शाळा लांब म्हणून बसचे 26 हजार. झाले 1 लाख 29 हजार. पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क 25 हजार आणि अनामत 10 हजार वेगळे. दुसऱ्या शाळेच्या 95 हजारांत पुस्तकं आणि उपक्रम धरलेले आहेत, शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. गणवेश आणि किरकोळ खर्च धरून 1 लाख 2 हजारांत वर्ष निघतं. सांगितलेल्या आकड्यावर 23 हजारांनी महाग दिसणारी शाळा प्रत्यक्षात 27 हजारांनी स्वस्त पडली.

म्हणून चौकशीला जाताना कोरा कागद न्या आणि ‘पहिल्या दिवसापासून वार्षिक परीक्षेपर्यंत आमच्या खिशातून एकूण किती जातील?’ असं थेट विचारा. अनामत परत कधी मिळते, बसचे पैसे दहा महिन्यांचे की बाराचे, जूनच्या आधीच प्रवेश रद्द केला तर काय परत मिळतं, हेही लिहून घ्या. सांगणारी व्यक्ती चाचरली किंवा ‘ते नंतर कळेल’ म्हणाली, तर तेही कागदावर टिपून ठेवा. माझ्या मते फीबद्दल मोकळेपणाने न बोलणारी शाळा पुढे मुलाबद्दलही मोकळेपणाने बोलत नाही.

दुसरा प्रश्न पालक जवळजवळ विचारतच नाहीत: गेल्या पाच वर्षांत फी कशी वाढली? ज्युनिअर केजी ते दहावी म्हणजे बारा वर्षं. आज 80 हजार फी असेल आणि ती दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढली, तर दहावीच्या वर्षी ती सुमारे 2 लाख 28 हजार होते आणि बारा वर्षांची बेरीज 17 लाखांच्या वर जाते. फी अजिबात वाढली नसती तर हीच बेरीज 9 लाख 60 हजार झाली असती. सीनियर केजी, तिसरी आणि सहावीतल्या मुलांच्या पालकांना गेटवर गाठा. यंदाची फी आणि ते आले तेव्हाची फी विचारा. शाळेचे काउन्सेलर तासभर बोलून सांगणार नाहीत ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

फीवाढीला कायद्याची चौकट आहे, पण ती नीट माहीत हवी. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावीच लागते. व्यवस्थापन फीचा प्रस्ताव या समितीपुढे मांडतं आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. ‘15 टक्क्यांपर्यंत वाढ कायदेशीर आहे’ असं तुम्हाला शाळेच्या ऑफिसात ऐकवलं जाईल. तो आकडा वाढीची मर्यादा म्हणून कायद्यात आलेलाच नाही. व्यवस्थापनाने मागितलेली आणि समितीने मान्य केलेली रक्कम यांच्यातल्या फरकाशी तो जोडलेला आहे; फरक त्याहून मोठा असला की प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. प्रवेशाआधी एवढंच विचारा: कार्यकारी समितीत पालक कोण आहेत, आणि गेल्या वेळी फी ठरली त्या सभेचं इतिवृत्त बघायला मिळेल का? पालकांची नावं नोटीसबोर्डावर लावलेली असतील तर निम्मं काम झालं.

डोनेशनबद्दल फार लिहायला नको. राज्यात 1987 पासून त्यावर कायद्याने बंदी आहे. ‘इमारत निधी’, ‘ऐच्छिक देणगी’ अशी नावं घेऊन ते येतं. पावती न देता मागितलेली कुठलीही रक्कम डोनेशनच समजा.

आता थोडं दुसऱ्या बाजूला. खासगी म्हणजे विनाअनुदानित इंग्रजी शाळाच, हे समीकरण पालकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर अशा शहरांत जुन्या शिक्षणसंस्थांच्या अनुदानित मराठी शाळा आहेत. शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे पहिली ते आठवी ट्युशन फी नाही, आणि बालभारतीची पुस्तकं मोफत. तिथला बालवर्ग मात्र बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतो, म्हणजे त्या दोन-तीन वर्षांची फी द्यावी लागते. शिवाय एकाच आवारात, एकाच संस्थेच्या नावाखाली अनुदानित मराठी आणि विनाअनुदानित इंग्रजी असे दोन विभाग असू शकतात. अर्ज कुठल्या विभागाचा आहे ते आधी पाहून घ्या. अशा शाळेत वर्षाला वाचणाऱ्या लाखभर रुपयांतून घरी इंग्रजी पुस्तकांचं कपाट, पोहणं, चित्रकला असं बरंच काही होतं. हा विचार करूनही इंग्रजी शाळाच घेतली तर हरकत नाही, पण विचार न करता घेऊ नका.

उत्पन्न कमी असेल किंवा मूल वंचित गटातलं असेल, तर शिक्षणहक्क कायद्याखालच्या 25 टक्के राखीव जागांचा अर्ज करायला विसरू नका. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींना ही अट लागत नाही. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो. एक गोष्ट मात्र लाभ घेणाऱ्या घरांनी आधीच धरून चालावी: या जागांवरची फीमाफी आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते, आणि तोपर्यंत ती आजच्या दुप्पट झालेली असू शकते.

बसचा खर्च वर आलाच, पण पैशापलीकडेही बघा. चार वर्षांचं मूल सकाळी पावणेसातला बसमध्ये बसून दोनला परत येत असेल, तर त्याचा डबा, झोप, खेळ सगळंच त्या वेळापत्रकात अडकतं. गाडी शाळेची आहे की बाहेरच्या ठेकेदाराची, गाडीत महिला मदतनीस आहे का, शाळेची परिवहन समिती आहे का, हे विचारा. व्हॅनवाले काका स्वस्त पडतात. व्हॅनला शालेय वाहतुकीचा परवाना आहे का, आणि एका फेरीत किती मुलं बसवतात, ते मात्र शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून स्वतः मोजा.

नर्सरी-केजीच्या साखळी शाळांचा हिशेब वेगळा. घराजवळ, बंगल्यात, रंगीत भिंतींची ती जागा मुलाला छान मानवते, पण पहिलीला पुन्हा प्रवेश, पुन्हा प्रवेश शुल्क, पुन्हा अनामत. त्यामुळे तिथली फी तीन वर्षांची बेरीज करून बघा आणि मोठ्या शाळेत पहिलीला बाहेरच्या मुलांसाठी जागा उरतात का, ते आत्ताच विचारून ठेवा. वयाचंही बघा: राज्यातल्या शाळांत पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. मूल घाईने नर्सरीत घातलं तर मोठा गट दोनदा करायची, म्हणजे फीही दोनदा भरायची वेळ येते.

पावत्या जपून ठेवा. जुन्या करप्रणालीत असाल तर दोन मुलांपर्यंतच्या ट्युशन फीवर, इतर गुंतवणुकीसह एकूण दीड लाखाच्या मर्यादेत वजावट मिळते. प्ले-स्कूल आणि नर्सरीचीही चालते. डेव्हलपमेंट फी, बस, देणगी यांना ती नाही. म्हणून ट्युशन फीचा आकडा वेगळा लिहिलेली पावतीच मागा, सगळं मिळून ‘स्कूल फी’ अशी नको.