कर्जाचा वाद जिल्हा न्यायालयात नेता येतो का?

बँकेची नोटीस दाराला चिकटली की नगरमध्ये पहिला सल्ला मिळतो, "कोर्टात जा, स्टे आण." घाई करू नका. नोटीस कोणाची आणि कोणत्या कायद्याखालची, ते आधी वाचा.

'सरफेसी कायदा २००२, कलम १३(२)' असं असेल, तर रक्कम भरायला ६० दिवस मिळतात. तेवढ्यात लेखी हरकत द्या आणि शाखेचा आवक शिक्का मारलेली पोच घ्या. कोणत्या तारखेचा हप्ता जमा धरला नाही, व्याज कुठे जास्त लावलं, हे खातेउताऱ्यावरून दाखवा. 'अन्याय झाला' एवढ्यानं भागत नाही. बँकेनं १५ दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. गहाण जमीन शेतीची असेल तर हरकतीत तेच सर्वांत वर लिहा, कारण कलम ३१ नं शेतजमीन वगळली आहे. मात्र जमीन खरोखर कसली जाते, हे पीकपाहणीच्या नोंदीतून दिसलं पाहिजे.

ताबा नोटीस लागली की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. इथे दिवाणी न्यायालयाला कलम ३४ नं मनाई आहे. उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठही बहुधा न्यायाधिकरणाकडेच बोट दाखवतं. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे; मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तसा निकाल दिला.

पतसंस्थेचं वेगळं. ती निबंधकांकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेते. त्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण करता येतं, पण आधी निम्मी रक्कम भरून. म्हणून दाखला निघण्यापूर्वीच्या सुनावणीला हजर राहा. बहुतेक जण तिथेच गैरहजर असतात.

मल्टिस्टेट संस्था असेल तर वाद लवादाकडे जातो, आणि इथे मात्र जिल्हा न्यायालयाचं दार उघडतं. गंमत म्हणजे कलम पुन्हा ३४ च, पण लवाद कायदा १९९६ चं. निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो रद्द करण्याचा अर्ज करायचा. सबळ कारण असेल तर फार तर आणखी ३० दिवस. वसुली आपोआप थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

वैयक्तिक नादारीचा अर्जही १९२० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयातच होतो, पण त्यानं गहाणदार बँकेचा हात अडत नाही.

निवाडा ज्या लिफाफ्यातून आला, तो पोस्टाच्या शिक्क्यासह जपून ठेवा. मुदत कधी सुरू झाली, याचा तोच पुरावा.