वर्गणी मागण्याआधी



आपल्या सभागृहाचे छप्पर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त व्हायला हवे. गेल्या खेपेस वर्गणीचे काम आम्ही एकट्यानेच अंगावर घेतले होते. मिस्सेनंतर कुणी हातात नोट दिली, कुणी वाटेत भेटून दिली. आम्ही ती खिशात ठेवली व रात्री वहीत लिहिली. पैसा योग्य जागीच गेला. पण एका आजीने विचारले, "फादर, माझे शंभर रुपये कशात गेले?" तेव्हा आम्हांला वही चाळत बसावे लागले. प्रश्न रास्त होता. चूक आमची होती. म्हणून या वेळी निधी समिती नेमायची आहे. त्याआधी थोडा अभ्यास करू या.

संत पौलाने यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी मदत गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 16 वा अध्याय आणि दुसऱ्या पत्राचा 8 वा अध्याय घरी वाचा. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढावे, आणि लोकांनी पसंत केलेल्या माणसांनी ती रक्कम पोचवावी, अशी त्याची व्यवस्था होती. तीताबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवला. पौल प्रेषित होता, तरी थैली त्याने एकट्याने उचलली नाही. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसला पाहिजे, ही त्याची काळजी होती.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मुलखातले. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी डिसेंबर 1887 मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यात गेले. सदनात धर्माची सक्ती होणार नाही, असे ठरले होते. येथील सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा या वचनाचा अर्थ काय, यावर वाद झाला. 1893 मध्ये दोघांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, याचा निवाडा आपण करायचा नाही. पैसा कमी पडला म्हणून नव्हे, तर एकाच वचनाचे दोन अर्थ झाले म्हणून माणसे दुरावली, एवढे मात्र ध्यानात ठेवू.

यावरून आपल्या समितीसाठी चार गोष्टी:

1. हेतू एका वाक्यात लिहावा. ज्या कारणासाठी दान दिले, त्याच कारणासाठी ते वापरावे, असे ख्रिस्तसभेचा कायदा (कलम 1267) सांगतो. छपराचे पैसे सणाच्या मंडपाला नाहीत.

2. माणसे पाच ते सात असावीत, आणि ती केवळ सधन घरांतली नकोत. बचत गटाचा हिशेब ठेवणारी ताई, कामाची जाण असलेला गवंडी, एखादा तरुण हवा. दुसऱ्याकडे मागण्याआधी प्रत्येक सभासदाने ऐपतीप्रमाणे स्वतः द्यावे.

3. पैसे घेणारा व हिशेब लिहिणारा वेगळे असावेत. रक्कम दोघांनी मिळून मोजावी, क्रमांक असलेली पावती द्यावी, पैसे लगेच बँकेत भरावेत. खर्चाचा विचार वित्त समितीपुढे व्हावा. ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे (कलम 537).

4. समितीला मुदत असावी. दर महिन्याचा हिशेब फलकावर लागावा. एकूण रक्कम जाहीर व्हावी, पण कोणी किती दिले हे वाचून दाखवू नये. मंदिरातल्या विधवेची दोन नाणी प्रभू येशूने पाहिली, तेवढे पुरे.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर समितीसाठी नावे सुचवा. ज्याच्या हाती आपली थैली निर्धास्तपणे देता येईल, त्याचेच नाव द्या. आणि पहिल्या महिन्याचा हिशेब तयार झाला की तो सर्वांआधी त्या आजीला वाचून दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू