खातं मिटलं, नोंद राहिली

कर्जाची तडजोड करायला निघालेला कोणी भेटला, की मी आधी एकच विचारतो: पैसे भरल्यावर बँक सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना काय कळवणार, हे विचारून घेतलंत का? बहुतेकांनी रक्कम किती कमी होईल एवढंच विचारलेलं असतं. माझ्या वेळी हे सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून लिहितो आहे.

सांगलीत माझा लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचा व्यवसाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं आणि मशिनसकट सगळा कागद गेला. नवं मशिन कर्जावर घेतलं, तोच पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. लग्नंच थांबली, तिथे पत्रिका कोण छापणार? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली खरी, पण व्याज चालूच होतं. मुभा संपली तेव्हा व्यवसायाचं कर्ज, एक पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डं सगळी एकदम अंगावर आली. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. माझी सगळी खाती त्या रेषेपलीकडे गेली.

एका परिचिताने सुचवलं, कोर्टात नादारीचा अर्ज कर, सगळं माफ होईल. त्याआधी भेटलेल्या एका वकीलबाईंनी तासभर बसवून समजावलं, ते फार मोलाचं होतं. दिवाळखोरीचा २०१६ चा नवा कायदा आहे, पण मी चौकशी केली तेव्हा त्यातला व्यक्तींबाबतचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झालेला होता. तुमच्या-माझ्यासारख्याला अजून १९२० चाच कायदा, आणि मुंबई शहरात १९०९ चा. नादार ठरलात की कायद्याने वगळलेल्या वस्तू सोडून बाकी मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. गहाण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. कर्जदार मोकळा झाला तरी जामीनदार मोकळा होत नाही. आणि कोर्टाने मुक्त करेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता कुणाकडून ५० रुपयांची किंवा त्याहून जास्त उधारी घेतली, तर तो गुन्हा. माझ्या कर्जाला साडू जामीन होते. त्यांना एकटं सोडून मी सुटणार, ही कल्पनाच सहन होईना. तो विचार सोडला.

मग तडजोड. बायकोचे दागिने मोडून एकरकमी पैसे भरले. बँकेकडून ‘पूर्ण व अंतिम’ असं पत्र मिळालं, वसुलीवाल्यांचे फोन थांबले, घरात माणसं पुन्हा मोकळेपणी बोलायला लागली. ती सुटका खरी होती, तिला मी कधीच कमी लेखणार नाही.

पण पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, सहकर्जदार म्हणून माझं नाव दिलं, आणि अर्ज फेटाळला गेला. सिबिलचा अहवाल काढला तर तडजोड केलेल्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलेलं. बँकेने सोडून दिलेली रक्कम स्वतंत्र रकान्यात होती आणि त्याखाली थकलेल्या महिन्यांचे आकडे ओळीने. पुढच्या बँकेच्या लेखी त्याचा अर्थ सरळ आहे: या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेड, ‘सेटल्ड’ म्हणजे अर्धवट. अशी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायचं बंधन पतमाहिती कंपन्यांवर आहे. सगळ्यात जास्त लागलं ते साडूंचं. स्वतःचा एक हप्ता कधी न चुकवलेल्या माणसाच्या अहवालातही माझं तेच खातं दिसत होतं.

म्हणून सांगतो, तडजोडीआधी दुसरे रस्ते धुंडाळा. खातं एनपीए होण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. त्याचीही नोंद होते, पण निदान पैसे पूर्ण फेडले असं म्हणण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. तडजोड टळणारच नसेल तर जामीनदाराला आधी घरी जाऊन सांगा, आणि उरलेली रक्कम पुढे भरली तर खातं ‘क्लोज्ड’ कळवाल का, हे बँकेकडून लेखी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमांप्रमाणे, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत, तडजोड केलेली बँक किमान १२ महिने तुम्हाला नवं कर्ज देऊ शकत नाही, हेही गृहीत धरा.

उरलेली रक्कम भरायचा मार्ग मीही नंतर धरला. धंदा सावरल्यावर बँकेत जाऊन सोडलेली रक्कम भरतो म्हणालो, नो ड्यूजचा दाखला घेतला आणि नोंद बदलून घेतली. जुने थकलेले महिने पुसले गेले नाहीत, जाणारही नव्हते. मात्र आमच्या दोघांच्याही अहवालातलं ते ‘सेटल्ड’ गेलं. नंतर मुदत ठेवीवर मिळणारं छोटं कार्ड घेतलं आणि दर महिन्याचं बिल पूर्ण भरत गेलो. गुण हळूहळू चढले. पैसे घेऊन सिबिल वाढवून देतो म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही.

ती दुरुस्तीही जमली पाहिजे. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे दुरुस्त झालेलं दुसरीकडे तसंच असू शकतं. माझं एक मिटलेलं कार्ड असंच थकीत दिसत होतं. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.

मुलीचं कर्ज शेवटी तिच्या मामाला सहकर्जदार करून मिळालं. नकार आला म्हणून मी चार बँका पालथ्या घालायला निघालो होतो, तेव्हा शाखेतल्या एका बाईंनी थांबवलं. प्रत्येक अर्जामागची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. तेव्हा आधी अहवाल पाहा, खटकणारं दुरुस्त करून घ्या, मग एकाच ठिकाणी अर्ज करा.